'एक्साइट'चा कायद्यातला अर्थ

'एक्साइट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आनंदाने उत्साहित होणं, एवढाच सहसा सांगितला जातो. त्यात भर घालतो. १८७० मध्ये भारतीय दंडसंहितेत आलेल्या १२४-अ, म्हणजे राजद्रोहाच्या कलमात हेच क्रियापद होतं: सरकारविषयी अप्रीती (वैरभाव) चेतवणं. १८९७ आणि १९०८ साली टिळकांना याच कलमाखाली शिक्षा झाली. तिथे आनंदाचा संबंधच नाही. मे १९३० मध्ये आपलं सोलापूर इंग्रज सरकारविरुद्ध पेटलं, मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागला, ते चेतणं याच जातीचं. (त्या लढ्यात फाशी गेलेल्या चौघांच्या नावाच्या, सोलापुरातल्या चार हुतात्मा चौकातून जाताना मुलांना हे जरूर सांगा.)

मूळ लॅटिन धातूचा अर्थ हलवणं, गती देणं. म्हणूनच जनित्रातलं (जनरेटरमधलं) चुंबकक्षेत्र जागं करणाऱ्या प्रवाहालाही एक्सायटेशन म्हणतात. आणि 'मी खूप एक्सायटिंग आहे' नव्हे, 'एक्सायटेड' म्हणा. एक्सायटिंग असतो तो सामना.