शाळेसाठी मायक्रोस्कोप घ्यावा की पाणी तपासायचं किट? बजेट ६,००० (देवगड तालुका)

खाडीपलीकडची
नमस्कार मंडळी. विजयदुर्ग खाडीच्या अंगाला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. सहावी ते आठवी मिळून १९ मुलं. मुंबईकर माजी विद्यार्थ्यांनी ६,००० रुपये दिलेत, "विज्ञानाचं काहीतरी घ्या" एवढ्याच अटीवर. यंदा बाल विज्ञान परिषदेसाठी गावातल्या बावींच्या (विहिरींच्या) पाण्यावर प्रकल्प करायचा विचार आहे. वाडीत १४ बावी आहेत आणि दर पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची एक फेरी ठरलेली. मुलांना मायक्रोस्कोप हवाय, मला वाटतं किट घ्यावं. दोन्ही बसेल का? काय घेऊ? १५ जूनला शाळा उघडते, तोवर हातात हवं. वरचे पैसे मिळणार नाहीत, हे आधीच सांगते.

निवांत_नाना
सहा हजारात हल्ली काय येतं? मी म्हणतो शाळेवर सोलर बसवा. मी घरावर ३ किलोवॅट बसवलं, सूर्यघर योजनेतून ७८,००० सबसिडी खात्यात आली. बिल जवळजवळ नाहीच. आता भर दुपारी एसी लावून झोपतो. मुलांना याहून मोठं विज्ञान कुठलं दाखवणार?

हिशेबी
नाना, ती सबसिडी घरगुती ग्राहकांना आहे, शाळेला नाही. आणि बाईंनी मायक्रोस्कोपचं विचारलंय.

निवांत_नाना
मी माझा अनुभव सांगितला. घ्यायचा तर घ्या.

जांभ्याचा_चिरा
माझं ऐका, टीडीएस मीटर तेवढा घेऊ नका. मी ऑनलाइन घेतला होता, पेनासारखा असतो तो. आमच्या बावीत बुडवला, ८५ आले. पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चालतो, म्हणजे आमचं पाणी अमृतच! पाहुण्यारावळ्यांसमोर बुडवून दाखवायचो. श्रावणात अख्खं घर आडवं. आई तर दोन दिवस सलाईनवर होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, संडासाचा शोषखड्डा बावीपासून किती लांब? मोजला तर वीस पावलं, तोही बावीच्या वरच्या अंगाला. मीटर विरघळलेले क्षार मोजतो, त्याला जंतू दिसत नाहीत. हे मला चार सलाईनच्या बाटल्यांनंतर कळलं.

दर्यावर्दी
कित्याक व्हया ह्या सगळा? आमच्या येळेक शाळेत एकच भिंग होता, ता पण मास्तर पेपर वाचूक वापरत. तरी आमी शिकलो मरे. बावीत तुरटी फिरवा आनि पानी उकळून पिया. झाला विज्ञान.

जांभ्याचा_चिरा
तुरटीने गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत. उकळण्याचं मात्र बरोबर.

पिपेट
मी ३१ वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून जरा लांबण लावतो. पाणी पिण्यालायक आहे का, हा प्रश्न असेल तर मायक्रोस्कोप त्याचं उत्तर देत नाही. ई. कोलाय हा मैल्यातला जंतू जेमतेम २ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब. विद्यार्थ्यांच्या मायक्रोस्कोपखाली ४०० पटीला फार तर ठिपके हलताना दिसतील. कुठला ठिपका साधा आणि कुठला घातकी, ते बघून ओळखता येत नाही. त्यासाठी एच-टू-एस बाटल्या घ्या, जंतूंनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणाऱ्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, २४ ते ४८ तास उबेत ठेवायचं. काळं पडलं तर मैल्याचा संशय. ही चाचणी आपल्याकडचीच आहे, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली. मी घेतल्या तेव्हा बाटली चाळीसच्या आसपास पडली होती. १४ बावी, पावसाआधी एकदा आणि पावसात एकदा, अशा २८ लागतील. शिवाय दर खेपेला एका बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरा. ती काळी पडली तर चूक तुमच्या हाताची आहे, बावीची नाही. ही एक जादा बाटली लोक हमखास विसरतात.

मॅन्ग्रोव्ह
खाडीकाठच्या बावींना ही चाचणी फसवते. आमच्याकडे चिखलातच कुजक्या अंड्याचा वास असतो. बाटली काळी पडली म्हणून आम्ही बाव बंद केली, पुढे जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तेच पाणी ठीक निघालं. सहा महिने लांबून पाणी वाहिलं. कोणी भरपाई दिली नाही.

पिपेट
बरोबर. मैल्याशी संबंध नसलेले काही जंतूही तोच वायू सोडतात. म्हणून मी "संशय" लिहिलं, "खात्री" नाही. काळी पडलेली बाव प्रयोगशाळेत न्यायची, मग बोलायचं.

किरण_पुणेकर
कोणी फोल्डस्कोपबद्दल कसं बोललं नाही? कागदाचा, घडीचा मायक्रोस्कोप. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या चमूने २०१४ मध्ये पुढे आणला. १४० पट दिसतं, खिशात मावतो, पाण्यात पडला तरी फार बिघडत नाही. माझ्या मुलीने आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे बघितले. सहा हजारात सगळ्या वर्गाला पुरतील.

हिशेबी
पुरतील, पण आठवडाभर. आमच्या पुतण्याकडे आहे. एक डोळा मिटून, श्वास रोखून, कागद सरकवत बसायचं. दिसलेलं दुसऱ्याला दाखवेपर्यंत फोकस जातो.

किरण_पुणेकर
सवय लागते.

किल्लेदार
बाई विजयदुर्गच्या, आणि इथे ग्वाल्हेर-स्टॅनफर्ड काय चाललंय? अहो, हेलियमचा शोध तुमच्या किल्ल्यावर लागला! १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण. साहेबाचा ओटा अजून आहे, इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने तिथेच दुर्बीण लावली होती. मुलांना आधी तिथे न्या. फुकट आहे.

मॅन्ग्रोव्ह
ओटा आहे, लॉकियर नव्हता. तो तेव्हा इंग्लंडात होता. ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनला गुंटूरहून दिसली. लॉकियरने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, आपल्या घरून बघितली. पृथ्वीवर हेलियम रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला सापडला तो १८९५ मध्ये.

किल्लेदार
मग दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन करतात ते काय उगाच? आमच्या आजोबांनी ओटा दाखवताना सांगितलेलं खोटं?

मॅन्ग्रोव्ह
आजोबांबद्दल मी काही म्हटलं नाही. विजयदुर्गही त्या ग्रहणाच्या पट्ट्यात होता, ओट्यावर कोणी साहेब दुर्बीण लावून बसला असेलही. लॉकियर मात्र नाही.

दर्यावर्दी
भांडतास कित्याक? ओटो आमचोच आसा.

घागरवाली
मी इतके दिवस नुसती वाचत होते. बाई, किट विकत घ्यायचंच कशाला? जलजीवन मिशनमध्ये गावागावातल्या पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवलंय आणि ग्रामपंचायतीला पेटी दिलीय. त्या पाचात मी एक. पीएच, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह असं बरंच येतं त्यात. आमच्याकडे ती पेटी कपाटावर होती, तिच्यावर निवडणुकीच्या पताका. तुमच्याही ग्रामपंचायतीत विचारा. फक्त रसायनांची मुदत संपलेली नाही ना ते बघून घ्या, आमची अर्धी गेली होती. आणि जलसुरक्षकाशी, म्हणजे पाण्यात औषध टाकणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाशी, आधी बोला. तो टीसीएल पावडर (जंतू मारायची ब्लीचिंग पावडर) कुठल्या वारी टाकतो ते कळल्याशिवाय पाणी घेऊ नका. पावडर टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलंत तर सगळ्याच बावी शहाण्या निघतील. त्याच्याकडे ओटीचं औषधही असतं, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे.

पिपेट
हे माझ्या पोस्टीत यायला हवं होतं. क्लोरीन निदान ०.२ मिलिग्रॅम हवा लिटरला.

निवांत_नाना
जलजीवनची पेटी आमच्याकडेही आहे. आमच्याकडे सगळंच आहे.

भावकी_पीडित
आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणीच लिहिलं नाही. मी रत्नागिरीकडे शिक्षक होतो. आम्ही हाच प्रकल्प केला. मुलांनी तक्त्यावर मालकांची नावं घातली आणि तीन नावांपुढे लाल टिकली लावली. तक्ता शाळेच्या भिंतीवर. चौथ्या दिवशी एका मालकाचे चुलत भाऊ शाळेत हजर, "आमच्या बावीत मैलो म्हणतास?" बावीचा वाद मुळात कोर्टात होता, दुसऱ्या बाजूने आमचाच तक्ता पुरावा म्हणून पुढे केला. मला दोनदा जबाब द्यावा लागला. प्रकल्प तालुक्यालाही गेला नाही. तेव्हा बावींना नंबर द्या, नावं नको. नंबराची यादी तुमच्या कपाटात ठेवा. खराब निघाली तर मालकाच्या घरी जाऊन, चहा घेऊन, खालच्या आवाजात सांगा. सांगायचं मात्र नक्की, तक्त्यापायी गप्प बसू नका.

जांभ्याचा_चिरा
आणि प्रत्येक बावीपासून शोषखड्ड्याचं अंतर टेपने मोजा. टेप दोनशे रुपयाला येतो. माझ्यासारखं पावलांनी मोजू नका.

हिशेबी
म्हणजे पेटी फुकट, बाटल्या हजार-बाराशेच्या, टेप दोनशे. बाकीच्या पैशात वह्या आणि पर्जन्यमापक. मायक्रोस्कोप बाद. धाग्याचं काम झालं.

किरण_पुणेकर
फोल्डस्कोप तरी ठेवा.

घागरवाली
आणि काळी पडलेली बाटली मुलांना उघडू देऊ नका. पावडरचं पाणी ओतून, चांगला वेळ ठेवून मग टाका. हे कोणी सांगत नाही.

खाडीपलीकडची
सगळ्यांचे आभार. ग्रामपंचायतीत गेले होते. पेटी खरंच निघाली, कपाटावर नाही, कपाटामागे. मुदत अजून आहे. आरोग्य उपकेंद्रातून १५ बाटल्या मिळाल्या, म्हणजे १४ बावी आणि पिपेटकाकांची ती एक. पावसातल्या खेपेला आणखी देतो म्हणालेत. टेप घरात होता. बावींना नंबर दिलेत, यादी माझ्या पर्समध्ये.

म्हणजे ६,००० जसेच्या तसे राहिले. मी मायक्रोस्कोप घेतेय.

हिशेबी
इतकं सगळं सांगून?

पिपेट
बाई, मी सविस्तर लिहिलं होतं की त्यात ई. कोलाय ओळखता येत नाही.

खाडीपलीकडची
वाचलं काका, दोनदा. पाण्याचा निकाल पेटी आणि बाटल्याच देतील. पण आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, बाटली काळी झाली की आतला तो जंतू दिसतो कसा?" पुस्तकातलं चित्र दाखवलं तर म्हणाली, हे चित्र आहे. मला एकदा तरी त्यांचा डोळा आयपीसवर ठेवून बघायचाय, काहीही दिसो. एक अंबाल्याचा मिळतोय ४,८०० ला, ४०० पटीचा, आरशाचा. घेऊ ना?

पिपेट
घेणारच असाल तर आरशाचा नको! आषाढात तुमच्याकडे ऊन कुठून आणणार? चार्जिंगच्या एलईडीचा घ्या, वीज गेली तरी चालेल. दुसरं म्हणजे बुरशी. कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते, ती मग निघत नाही. आमच्या कॉलेजचे सहा असेच गेले. सोबत येणाऱ्या लाकडी पेटीत ठेवू नका, तीच ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरायचं. भिंग शर्टाच्या टोकाने पुसलेलं मला कळलं तर मी तिथे येईन.

मॅन्ग्रोव्ह
शर्टाने पुसू नका, हे मीही सांगणार होतो.

दर्यावर्दी
घेतलास मा? बरा केलास. माका पन एकदा दाखव.

खाडीपलीकडची
(जुलै) कळवते. एलईडीचा घेतला, ५,४०० पडले. पहिल्या खेपेला दोन बाटल्या काळ्या पडल्या. दोन्ही बावी शोषखड्ड्याच्या खालच्या अंगाला आहेत, एक ९ मीटरवर, दुसरी ११. दोन्हींचं पाणी प्रयोगशाळेत पाठवलंय. उकळलेल्या पाण्याची बाटली तशीच राहिली. एका मालकाने चहा दिला, दुसऱ्याने दिला नाही, पण पावडर टाकून घेतली.

मायक्रोस्कोपखाली बावीच्या पाण्यात पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. मुलं हिरमुसली. मग ती आठवीतली मुलगी शाळेमागच्या टायरमधलं पाणी घेऊन आली. त्यात डासाची अळी, शेपटाकडची श्वासनळी वर करून वळवळणारी. ओळ लागली, पुढच्या तासाला गणित झालं नाही. टायर आता उलटे टाकलेत, अळ्या मात्र बरणीत पाळायच्या म्हणतात, वरून मच्छरदाणी बांधून.

काचपट्ट्या आणि कव्हरस्लिप संपत आल्यात. कणकवलीत कुठे मिळतील?

निवांत_नाना
कणकवलीला माझा सोलरवाला आहे, त्याला विचारतो.