थरारकथा लिहायची म्हणून तुम्ही काय वाचलंत? (अनुभव धागा)

लोणीविस्तव:
काल रद्दीवाल्याकडे पेपर घालायला गेले, तर काट्याशेजारी सुतळीनं बांधलेला गठ्ठा. वरच्याच पुस्तकावर झुंजार! बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक! वडिलांची एक मावशी दुपारी मागच्या पायरीवर बसून हेच वाचायची. कुणाची चाहूल लागली की पुस्तक निवडायच्या तांदळाच्या ताटाखाली. गठ्ठा अर्थात घरी आणला.

निमित्त असं की एका दिवाळी अंकाला थरारकथा द्यायची आहे, शब्दमर्यादा अडीच हजार. त्यासाठी सध्या मिळेल ते वाचतेय. पहिल्या वाचनात काही हाती लागत नाही, आपण नुसते पळत असतो. म्हणून शेवट कळला की लगेच पहिल्या पानावर जायचं, पेन्सिल घेऊन. खुनी पहिल्यांदा कुठे दिसला आणि नेमकं तेव्हा लेखकानं आपल्याला कुठे बघायला लावलं, एवढंच शोधायचं. एका कथेत गडी कप उचलायला येतो आणि त्याच परिच्छेदात काका-काकूंचं वाटणीवरून जुंपतं. मी भांडण वाचत बसले. कप पाच होते आणि खोलीत माणसं चार, हे दुसऱ्या वाचनात दिसलं. सगळं समोर मांडलेलं होतं हो!

तर सांगा, तुम्ही काय आणि कसं वाचलंत?

खडूस_आजोबा:
आम्ही लिहिण्यासाठी नाही, मार खाण्यासाठी वाचलं. भूगोलाच्या पुस्तकात घालून. अर्नाळकरांच्या हजारावर आहेत, त्यामुळे मारही भरपूर. गठ्ठ्यात त्यांचा दुसरा नायक, काळा पहाड, आहे का?

मिरचीकोरम:
किलोला किती पडले?

लोणीविस्तव:
आजोबा, दोन आहेत. मिरची, भाव सांगितला तर इथेच खून पडेल.

घाटवाट:
फोर्साइथ. 'द डे ऑफ द जॅकल', 1971. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी. ते 1970 मध्ये आपल्या घरी वारले हे जगाला माहीत, म्हणजे मारेकरी हरणार हे पुस्तक उघडायच्या आधीच ठाऊक. तरी खाली ठेववत नाही. मेलेल्या पोराच्या नावानं पासपोर्ट काढतो, बंदूक बनवून घेतो, आपण आपले 'आता हे कसं जमवणार' म्हणून पानं उलटतोय. पण अडीच हजार शब्दांसाठी कादंबऱ्या वाचू नका. कादंबरी डोक्यात असली की कथेत सात पात्रं घुसतात, त्यातली तीन नुसती दार उघडायला. कथेसाठी कथाच वाचा. बस आली, बाकीचं नंतर.

खमंग_काकडी:
+1 कथाच. रोआल्ड डालची ती मटणाच्या तंगडीची वाचा. एक घर, एक संध्याकाळ. बायको नवऱ्याला गोठलेल्या तंगडीनं मारते, ती ओव्हनमध्ये भाजते आणि तपासाला आलेल्या पोलिसांनाच वाढते. खुनी आपल्याला आधीपासून माहीत, तरी घास घशात अडकतो.

मिरचीकोरम:
अहो शेवट सांगितलात!!

खमंग_काकडी:
1953 ची आहे हो. किती थांबू?

रात्रपाळी:
मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. हात जोडून विनंती, क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला आणि माणूस धप्पकन पडला, हे आता बंद करा. काही मिनिटं लागतात, तोवर तो माणूस ओरडतो, लाथा झाडतो. आणि सायनाईडचा कडू बदामासारखा वास सगळ्यांना येतच नाही, बऱ्याच जणांना जन्मतःच तो ओळखता येत नाही. हे मात्र कथेत वापरता येईल बघा. इन्स्पेक्टरला वास येत नाही, हवालदाराला येतो. फुकट दिलं. ड्यूटीवर निघाले.

काळा_कोट:
वाह, हवालदार आवडला. माझी पण एक भर. कथा आजच्या काळातली असेल तर 'कलम 302' लिहू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आहे, खुनाची शिक्षा कलम 103. गुन्हा त्या तारखेआधी घडलेला असेल तर मात्र जुनंच लागू. आणि प्रेत सापडल्या सापडल्या 'खुनाचा गुन्हा दाखल' करायची घाई नको. कारण स्पष्ट नसेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेमनंतर चित्र बदलतं. या मधल्या वेळात खुनी सुतकाला येऊन चहा पितो. थरार तिथे आहे.

घाटवाट:
म्हणजे 'तीनशे दोन लावीन' गेलं?

काळा_कोट:
तोंडात राहील अजून वीस वर्षं. हवालदाराला बोलू द्या, एफआयआरमध्ये नको.

सासरमाहेर:
मी वहीत मुद्दे काढले होते. 'सासू – दुसऱ्या पानावर मारणे.' वही फ्रीजवर राहिली. सासूबाईंनी वाचली. म्हणाल्या, "दुसऱ्याच पानावर? अगं, तिची ओळख तरी होऊ दे. मेली तर कुणाला वाईट वाटणार?" सर्क्युलेटिंग लायब्ररीतल्या रहस्यकथा फडशा पाडून झालेली बाई. आता सासू पाचव्या पानावर मरते आणि त्याआधी तिला एक लोणच्याची बरणी दिली आहे, जी ती कुणाला हात लावू देत नाही. हीसुद्धा त्यांचीच सूचना.

रात्रपाळी:
सासूबाईंना सदस्य करा ना इथे 😂

उकडीचा:
माझं उलट मत. लिहायच्या आधी वाचूच नये. वाचलं की 'रातकिड्यांची किरकिर' आणि 'पाठीतून शिरशिरी' आपसूक उतरतात. मी सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन बसतो. पार्किंगचा विषय निघाला की कोण कुणाकडे न बघता बोलतो ते बघा. सातजणांकडे मोटिव्ह असतो.

लोणीविस्तव:
उकडीचा, वाचल्याशिवाय तो मोटिव्ह लपवायचा कसा, ते कुठे शिकणार? सभेत तर सगळे उघडच बोलतात.

उकडीचा:
आमच्या सभेला या एकदा.

सातासमुद्रापार:
मी भांडी घासताना कथा ऐकते. पेन्सिल कुठे धरू?

लोणीविस्तव:
दुसऱ्यांदाही ऐका. पण शेवट माहीत असताना ऐकलं तरच मजा. नोंदी भांडी झाल्यावर.

मिरचीकोरम:
काळा कोट, धागा सोडून विचारते, सॉरी. फ्लॅट भाड्यानं देतोय, अकरा महिन्यांचाच करार आहे. एजंट म्हणतो नोंदणीची गरज नाही?

काळा_कोट:
महाराष्ट्रात करावी लागते, अकरा महिने असले तरी. आणि ती जबाबदारी मालकाची. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

उकडीचा:
मलाही त्यातच एक विचारायचं होतं, पार्किंगबद्दल...