इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमधलं कोरियन जेवण: आपापले अनुभव लिहा

उमा_सुवॉनवाली
काल लेकीच्या फोनवर कुठलंसं रील चालू होतं, मी पोळ्या लाटत होते आणि मधेच त्यातला कुकर बोलला. कोरियन बाईच्या गोड आवाजात, की भात तयार आहे, नीट हलवून घ्या. लाटणं तिथेच थांबलं माझं. आम्ही कोरियात सुवॉनला होतो तेव्हा घरमालकीणबाईंनी त्यांचा जुना कुक्कू (तिकडचा बोलणारा इलेक्ट्रिक कुकर) आम्हाला देऊन टाकला होता, रोज संध्याकाळी हेच वाक्य. वाफ सोडायच्या आधी पण सांगतो बरं का तो. नवरा म्हणायचा या घरात माझ्याशी आदराने बोलणारी एवढीच एक बाई आहे.
भाताचा म्हणून तो कुकर, पण त्या बाई त्यात सगळं करायच्या. सगळ्यात लक्षात राहिलंय ते साम्ग्येतांग. छोटी कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, लसूण, लाल बोरं आणि जिन्सेंगचं मूळ, वर पाणी. मसाला नाहीच, मीठ ज्याने त्याने ताटात घ्यायचं. आणि हे खायचं कधी तर भर उकाड्यात! बोकनाल म्हणून उन्हाळ्यातले तीन दिवस असतात, तेव्हा रेस्टॉरंटबाहेर रांगा. आपण ताक-पन्हं पिणारी माणसं, पहिल्यांदा घाम पुसत पुसत खाल्लं आणि मग दरवर्षी वाट बघायला लागले.
तर तुम्ही कोणी घरी करता का असलं काही? लिहा पटापट.

डॅलसची_ताई
मस्त धागा. इपॉवाल्यांनो (इन्स्टंट पॉट, इलेक्ट्रिक कुकर), गोचुजांग म्हणजे आंबवलेल्या मिरचीची पेस्ट तळाशी घालू नका गं!! त्यात गोडवा असतो आणि पीठ पण असतं, ते तळाला धरतं आणि भांडं ‘बर्न’ दाखवून बंद. आधी तेल, कांदा, चिकन, मग पाणी घालून तळ खरवडून घ्यायचा आणि गोचुजांगचा गोळा सगळ्यात वर ठेवून द्यायचा, ढवळायचं नाही. झाकण उघडल्यावर ढवळा. टाक-बोक्कुम-तांग (चिकन-बटाट्याचा तिखट रस्सा) असंच करते मी, बटाटे मोठे ठेवायचे नाहीतर गायब होतात. टॉक म्हणजे तांदळाचे ते लांबोडके तुकडे पण प्रेशरला नकोत, लगदा होतो. नंतर सॉटेवर, म्हणजे परतायच्या बटणावर. आले, मुलाची बस आली

भोपळे_चौकातला
वाचतोय. मला फक्त एवढंच विचारायचंय की शिट्ट्या नाहीत तर कळतं कसं किती झालं ते

डॅलसची_ताई
@भोपळे चौकातला, मिनिटं लावायची हो काका. आणि एक, गॅसवरच्या आपल्या कुकरला १५ पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) आसपास दाब असतो, इलेक्ट्रिकवाल्या बऱ्याच भांड्यांना १०-१२च. म्हणून आईची वेळ इकडे लावली की राजमा कच्चा राहतो. थोडी वाढवायची.

भोपळे_चौकातला
काका नाही हो, ३४ वय आहे माझं 😐

निमकर_वहिनी
😂😂

सात्त्विक_पण_खवय्यी
शाकाहारी लोकांनी काय करायचं ते पण लिहा की कोणीतरी. किमचीत (आंबवलेल्या कोबीत) फिश सॉस नाहीतर खारवलेली कोलंबी, सूपच्या पाण्यात सुकी मासळी, म्हणजे वरून सगळा पाला दिसतो आणि आत समुद्र. मी शेवटी असं करते, दाशिमा (समुद्री शेवाळाच्या जाड वाळक्या पट्ट्या) आणि वाळके शिताके मशरूम रात्रभर भिजत घालायचे आणि त्याच पाण्यात दोएनजांग विरघळवून भोपळा, झुकिनी, तोफू. दोएनजांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. कुकरला भाज्या ५ मिनिटांच्या वर नको आणि तोफू शेवटी. तिकडच्या बौद्ध मठांतल्या स्वयंपाकात तर कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे चातुर्मासात माझी मजा असते, साबा (सासूबाई) पण खातात. पट्टी मात्र उकळत ठेवू नका, बुळबुळीत होतं पाणी.

मावळातली_मंजू
भात कुठला वापरता सगळे? इकडे पुण्यात कोरियन दुकानातला तांदूळ घ्यायचा म्हणजे ईएमआय लागेल. मी सरळ इंद्रायणी घेते, आमच्या वडगावच्याच संशोधन केंद्रातली जात आहे ती, आंबेमोहोर आणि आयआर ८ चा संकर. मुळातच चिकट, कुकरमधे तर मस्त गोळा होतो, किंबाप (शेवाळाच्या पापडात गुंडाळलेला भात) वळायला एकदम बेष्ट. वासाचा मात्र घमघमाट सुटतो जो कोरियन भाताला नसतो. लेकीचं म्हणणं ऑथेंटिक नाही. म्हटलं ऑथेंटिक हवं तर पगार झाल्यावर आण.
पाणी कमी घाला पण, आपण गरगटं करतो तेवढं नको.

उमा_सुवॉनवाली
मंजू, इंद्रायणीला +१००. इथे आल्यापासून मी पण तोच वापरते. आणि त्यात मूठभर काळे तांदूळ टाकून बघ, भात जांभळा होतो, कोरियात घरोघरी करतात. मी मणिपूरचा चाखाव मागवते, तो चिकट पण आहे आणि सुगंधी पण. आधी भिजवायला लागतो, नाहीतर दाताखाली येतो.
सात्त्विक, तुमची पाकृ उद्याच.

बबडूची_आई
आमच्याकडे दातांच्या निमित्ताने शिरलं कोरियन. साबांचे दात काढले होते आणि रोज मऊ भात खाऊन त्या वैतागल्या, मला म्हणे तुझ्या त्या सिरियलीतले आजारी पडले की काय खातात ते कर (बघतात लपून, कबूल करत नाहीत). लाल भोपळ्याच्या फोडी कपभर पाण्यात प्रेशरला, मग ब्लेंडर, मग तांदळाची पिठी पाण्यात कालवून लावायची, चिमूटभर मीठ आणि साखर. होबाकजुक. वर त्यांनी स्वतःहून तूप आणि वेलची घातली!! दात बसले तरी दर आठवड्याला भोपळा आणायला सांगतात. मामंजी म्हणतात ही घारग्यांची वाट लावलीत. त्यात तांदळाच्या पिठाचे छोटे गोळे पण सोडतात, ते आता मी बबडूसाठी करते, तो त्याला गोट्या म्हणतो आणि फक्त गोट्याच खातो, भोपळा जैसे थे

निमकर_वहिनी
बबडूची आई, साबांना कोणता हिरो आवडतो ते विचार ना 😜
रच्याकने (बाय द वे) दातांचा खर्च किती आला? माझ्या आईचं करायचंय

बबडूची_आई
व्यनि (खाजगी निरोप) करते वहिनी

पोहांगचा_पोस्टडॉक
हॉस्टेलवर स्वयंपाक करायला बंदी होती पण कुकर ‘भाताचा’ म्हणून चालायचा. त्यात आम्ही काय केलं नाही विचारा. सौना अंडी! तिकडच्या सार्वजनिक बाथहाऊसमधे मिळतात तपकिरी अंडी, आतलं पांढरं पण तपकिरी आणि चवीला थोडी भाजल्यासारखी. जाळीवर अंडी, खाली पाणी, मीठ, आणि तास-दीड तास प्रेशर. एवढा वेळ उष्णतेत राहिलं की आतली साखर आणि प्रथिनं मिळून रंग धरतात, पाव भाजताना होतं तेच. अंडी फ्रिजमधून काढून थेट टाकू नका, तडकतात.
त्याच्यासोबत शिखे पितात, भाताचं गोड पेय. हे प्रेशरचं नाही, कीप वॉर्मचं काम. मोड आणून वाळवलेल्या जवाचं पीठ पाण्यात चोळून गाळायचं, वरचं पाणी शिजलेल्या भातावर ओतायचं आणि चार-पाच तास तसंच गरम ठेवायचं. दाणे वर तरंगायला लागले की झालं, भाताचीच साखर होते. मग आलं-साखर घालून खळखळून उकळायचं म्हणजे पुढची क्रिया थांबते. थंड करून प्या. आजीला फोनवर सांगितलं तर म्हणाली जव कशाला, नाचणीला मोड आणून कर. अजून केलं नाही, कोणी केलंत तर कळवा.

खोपोलीकर
लसणाचं काय झालं ते सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने कुकरमधे काळा लसूण करायला ठेवला, अख्खे गड्डे तसेच कीप वॉर्मवर दहा-बारा दिवस. कोरियात घरी करतात म्हणे, पाकळी काळी, मऊ आणि गोड होते, चिंचेसारखी लागते. पण पहिले काही दिवस जो वास! अख्ख्या बिल्डिंगला. गॅसवाला बोलावला, मग सेक्रेटरी, मग ड्रेनेजवाला. पोरगं गप्प. शेवटी वॉचमनने शोधलं. आता सोसायटीच्या नोटीसबोर्डावर आहे, ‘लसूण बाल्कनीत ठेवावा’.
खाल्ला मी पण. चांगला लागतो हो.

सात्त्विक_पण_खवय्यी
😂😂😂 मेले हसून. वासावरून आठवलं, किमची केलेल्या भांड्याची रबरी रिंग वास सोडतच नाही. परवा खीर किमचीची झाली. वेगळी रिंग ठेवा, कोरियनची लाल आणि आपली पांढरी.

शार्लटची_शमा
मी फार लिहीत नाही कधी इथे. माझी डिलिव्हरी झाली तेव्हा आईचा व्हिसा झाला नव्हता. शेजारच्या कोरियन काकूंनी मियोक-गुक आणून दिलं, समुद्री शेवाळाचं सूप, त्यांच्याकडे बाळंतिणीला देतातच आणि मग दर वाढदिवसाला पण तेच, आईची आठवण म्हणून. स्टीलच्या डब्यात आणायच्या, इपॉत करायच्या, मियोक भिजवून तिळाच्या तेलात परतायचं, सोया सॉस, लसूण, मग बीफच्या ऐवजी माझ्यासाठी मशरूम. आई फोनवर अळीव खा डिंक खा म्हणून रडायची आणि मी इकडे हे भुरकत होते. डॉक्टरांनी आयोडीन जास्त होतं म्हणून रोज नको असं सांगितलं मग एक दिवसाआड. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला केकच्या आधी मी हे केलं.

डॅलसची_ताई
शमा 🤗 काकूंना आमचाही नमस्कार सांग

उमा_सुवॉनवाली
शमा, लिहीत जा गं.

भोपळे_चौकातला
एक शंका. चुलतभाऊ अमेरिकेतून कुकर पाठवतो म्हणतोय, चालेल ना इकडे?

पोहांगचा_पोस्टडॉक
अजिबात नको. तिकडचा १२० व्होल्टचा, इकडे लावला की धूर. कन्व्हर्टर एवढा वॅटचा घ्यायचा तर त्यातच नवीन कुकर येतो. कोरियातला २२० चा असतो, तो चालतो, पण त्याच्या गोल पिना आपल्या सॉकेटात सैल बसतात, चांगला अडॅप्टर घ्या. आणि बटणं सगळी कोरियनमधे.

मावळातली_मंजू
बटणांवर मी स्केचपेनने लिहून चिकटपट्टी लावली आहे: भात, पेज, सगळं, बंद. वर्षं झाली, चालतंय.

भोपळे_चौकातला
धन्स. मग त्याला शूज पाठवायला सांगतो