मदत हवी आहे: उपक्रम सुरू केले तरी हजेरी वाढेना

खडूफळा
जि.प. शाळा. आनंददायी शनिवारात (शनिवारी दप्तराशिवाय उपक्रम) लेझीम, कागदकाम, परसबाग सगळं घेतो. शनिवारी वर्ग भरलेला, सोमवारी निम्मी बाकं रिकामी. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) भेटीला येणार आहेत. पोरं रोज येतील असा उपक्रम सांगा. लवकर.

बांधावरचा
जिल्हा? इयत्ता? महिना कोणता, तेवढं तरी लिहा.

वजीर_पुढे
बुद्धिबळ लावा सर. आमची पोरं मधल्या सुट्टीत खिचडी सोडून पट मांडतात.

कोयतागाव
आईबाप ऊसतोडीला गेले असतील तर बुद्धिबळ कुणाशी? आधी हंगामी वसतिगृह बघा, म्हणजे आईबाप गेले तरी पोरं गावातच राहतील. जी जाणारच त्यांना शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल.

वजीर_पुढे
ऊस कुठून आला मध्येच? त्यांनी लिहिलंय का?

खडूफळा
ऊस नाही, कापूस. जालना जिल्हा, सहावी-सातवी. वेचणी चालू आहे.

माई_सेवानिवृत्त
शनिवारी सकाळची शाळा ना?

खडूफळा
हो, बहुतेक ठिकाणी असते. त्याचं काय?

माई_सेवानिवृत्त
अहो, लेझमाला कशाला श्रेय देता! शनिवारी पोरं शाळा करून दुपारी शेतात जातात. इतर दिवशी दोन्ही जमत नाही. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, घरच्यांना प्रत्येक हात हवा असतो. वेचणीपुरती रोज सकाळची शाळा मागा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. मुलींचं काय?

खडूफळा
सातवीच्या मुली शनिवारीही कमीच. घरी लहान भावंडं.

माई_सेवानिवृत्त
मग अंगणवाडीताईंशी बोला, शाळा आणि अंगणवाडीच्या वेळा जुळवा, म्हणजे भावंडं तिथे बसतील. उपक्रम बंद करू नका, पण शनिवारी सुरू झालेलं काम सोमवारी पुरं व्हायला हवं. नाटुकलं बसवा, पात्रं वाटून द्या. एक पोर आलं नाही की बाकीचेच त्याला घरून ओढून आणतात.

बांधावरचा
सकाळी दव असतं, तसाही ओला कापूस वेचू नये. पण वजनात भरतो म्हणून वेचतात, मग व्यापारी भाव पाडतो. यंदा तुमच्याकडे काय भाव?

वजीर_पुढे
तरी बुद्धिबळाला खर्च काहीच नाही, एवढंच म्हणतो.

ढोलताशा
लेझीम घ्यायची असेल तर लाकडी दांड्याचीच घ्या. पत्र्याच्या चकत्या आधी हलवून बघा.

खडूफळा
लेझीम आहे हो! ठरावाचा नमुना कुणाकडे आहे का?

कोयतागाव
आहे. शाळा द्विशिक्षकी का? आणि मुलं दुसऱ्या गावाहून एसटीने येतात का? सकाळची गाडी नसेल तर ठराव करून उपयोग नाही.