नव्या संगीताला वाहून घेतलेला वाद्यवृंदसंचालक : ही कारकीर्द घडते तरी कशी?

पंचवटीकर :
माझा भाचा सतरा वर्षांचा असून नाशिकमध्येच आठ वर्षे तबला आणि चार वर्षे व्हायोलिन शिकत आहे. गेल्या हिवाळ्यात मी त्याला मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला नेले होते. परतताना कसारा घाट चढून होईपर्यंत तो केवळ संचालकाच्या हातांविषयी बोलत होता. आता त्याने वाद्यवृंदसंचालक व्हायचे ठरवले आहे, आणि तेही बेथोव्हेन किंवा ब्राम्स यांच्यासाठी नव्हे, तर आजच्या रचनाकारांच्या संगीतासाठी. त्याला परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या संगीताला श्रोते मोजके आहेत, त्याला वाहून घेणाऱ्या माणसाची कारकीर्द उभी कशी राहते, आणि मंचावरची ती दोन तासांची मैफल सोडली तर त्याचे खरे काम कोणते असते, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

मंद्रसप्तक :
आपल्या प्रश्नाचे उत्तर पिएर बुलेझ (1925–2016) यांच्या आयुष्यात बऱ्याच अंशी सापडते. ते मुळात रचनाकार होते. संचालन त्यांच्याकडे गरजेपोटी आले. पॅरिसमध्ये नवे संगीत वाजत नव्हते, आणि वाजलेच तर पुरेशा तालमीविना वाजत होते, म्हणून 1954 मध्ये त्यांनी दोमेन म्युझिकाल ही मैफलींची मालिका सुरू केली आणि पुढे तिच्यासाठी स्वतःच संचालन करू लागले. 1959 मध्ये संचालक हान्स रोसबाउड आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी उभे राहिल्यामुळे बुलेझ यांच्याकडे मोठ्या वाद्यवृंदांचे लक्ष गेले. 1971 मध्ये लंडनचा बीबीसी सिम्फनी आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक असे दोन्ही वाद्यवृंद त्यांच्या हाती आले.

तरीही माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम न्यूयॉर्कमधले नाही. 1976 मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये आन्साम्ब्ल अँतेरकोंतांपोरँ हा 31 वादकांचा संच उभारला, ज्याचे मुख्य कामच विसाव्या शतकातील आणि त्यानंतरचे संगीत वाजवणे हे आहे. नव्या रचनेचा पहिला प्रयोग बहुधा कोणी ना कोणी करतो. दुसरा आणि दहावा प्रयोग मात्र ती रचना बोटांत मुरलेले वादक असतील तरच होतो. ती सोय लावून देणे हा संचालकाच्या कारकिर्दीचाच भाग आहे, आणि टाळ्यांच्या वेळी तो कोणाला दिसत नाही.

खंडजाती :
मंद्रसप्तक यांच्याशी मी सहमत आहे, परंतु भाच्याच्या तबल्याविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. रशियन रचनाकार स्ट्राविन्स्की यांच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ (1913) या नृत्यनाट्याच्या अखेरच्या नृत्यात जवळजवळ प्रत्येक मापाला (स्वरलेखनातल्या दोन उभ्या रेषांमधील भागाला) मात्रांची संख्या बदलते. संचालक अशा जागी स्वरलेखनावर रंगीत पेन्सिलीने खुणा करतो : दोन मात्रांच्या गटाला उभी रेघ, तीनच्या गटाला त्रिकोण. रूपक तालाचे 3-2-2 किंवा झपतालाचे 2-3-2-3 ज्याच्या हातात बसले आहे, त्याला हे गट परके वाटणार नाहीत. मात्र आपल्याकडे आवर्तन फिरून समेवर येते आणि मन त्या समेची वाट पाहत राहते. तिथे अशी ठरलेली सम नसते, त्यामुळे समेची ही सवय त्याला जाणीवपूर्वक बाजूला ठेवावी लागेल, आणि तबलजीसाठी हे सोपे नाही.

सुरुवातीला त्याने ‘सोल्जर्स टेल’ (1918) ऐकावे. युद्धकाळातल्या अडचणींमुळे स्ट्राविन्स्की यांनी ही रचना केवळ सात वादकांसाठी लिहिली. तिच्यातल्या कूचगीतात (मार्चमध्ये) डबल बास हे खर्जातले तंतुवाद्य एकच ठेका धरून चालते आणि त्याच्यावर इतर वाद्यांची मापे सतत बदलत राहतात. लेहऱ्यावर, म्हणजे आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीवर, तबला वाजवलेल्या मुलाला हे ऐकताक्षणी कळेल, असे मला मनापासून वाटते.

जोगळेकर_सर :
वरील प्रतिसाद उत्तम आहेत, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. ‘फक्त नवे संगीत’ हा निश्चय सतराव्या वर्षी करू नये. बुलेझ यांनी 1976 मध्ये जर्मनीत बायरॉइट येथे एकोणिसाव्या शतकातल्या वॅग्नर यांच्या ‘रिंग’ या ऑपेरामालिकेचे संचालन केले होते. फिनलंडच्या सुसाना माल्की 1995 ते 1998 या काळात गोथेनबर्गच्या वाद्यवृंदात प्रमुख चेलोवादक होत्या. त्यानंतर त्या संचालनाकडे वळल्या, 2006 ते 2013 आन्साम्ब्ल अँतेरकोंतांपोरँच्या प्रमुख राहिल्या आणि 2016 मध्ये हेलसिंकी फिलहार्मोनिकच्या प्रमुख संचालक झाल्या. समोर बसलेले वादक संचालकाची पारख पहिल्या तालमीतच करतात, आणि ज्याने वाद्यवृंदात बसून इतरांच्या हाताखाली वाजवले आहे त्याला ते लवकर आपला मानतात. म्हणून व्हायोलिन मुळीच सोडू देऊ नका.

दुसरी गोष्ट म्हणजे सोबती. 1977 मध्ये हेलसिंकीतील काही तरुणांनी ‘कोर्वात आउकी’ म्हणजे ‘कान उघडे’ नावाची मंडळी जमवली. त्यांत काया सारियाहो आणि माग्नुस लिंडबर्ग हे रचनाकार होते, तसेच पुढे संचालक म्हणून नावारूपाला आलेले एसा-पेक्का सालोनेनही होते. बरोबरीच्या रचनाकारांसोबत वाढल्यामुळे त्यांचे संगीत सालोनेन यांना बाहेरून शिकावे लागले नाही. नाशिकमध्ये सात वादक जमणे कठीण असेल, चार नक्कीच जमतील.

पंचवटीकर :
आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल रात्री आम्ही दोघांनी ते कूचगीत चार वेळा ऐकले. दुसऱ्या वेळी भाच्याने मांडीवर ठेका धरला, आणि चौथ्या वेळी ठेका एका हाताने धरून वरची मापे दुसऱ्या हाताने दाखवू लागला. सहाव्या-सातव्या बदलापाशी दोन्ही हात अडखळले. रविवारी त्याच्या व्हायोलिनच्या वर्गातली दोन मुले घरी येणार आहेत. ‘सोल्जर्स टेल’साठी लागणारा क्लॅरिनेटवादक मात्र अद्याप मिळालेला नाही. आपल्यापैकी कोणाच्या परिचयात गंगापूर रोड किंवा नाशिकरोड परिसरातला एखादा वादक असल्यास येथे अवश्य कळवावे.