रडू आलं म्हणजे सिनेमा थोर?

शेवटची रांग (धागाकर्ता)

परवा एका चर्चेत कुणीतरी ठणकावून लिहिलं होतं की ज्या सिनेमानं डोळ्यांत पाणी आणलं नाही तो फसला, आणि तो बघून जो रडला नाही तो माणूस आतून कोरडा. खाली ढीगभर लोकांनी माना डोलावल्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

रडवणं अवघड असतं हा समज आधी डोक्यातून काढा. लहान मूल आजारी पाडा, म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढा, इमानी कुत्रा मारा आणि मागून व्हायोलिन सोडा. निम्मं थिएटर नाक पुसत बाहेर येईल. माझेही डोळे भरतात, मी काही वेगळ्या मातीचा नाही. पण बाहेर पडताना चीड येते, कारण ते पाणी मी दिलेलं नसतं, माझ्याकडून काढून घेतलेलं असतं.

याउलट ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) आठवा. तिथे कुणी मरत नाही. बापाला पोराच्या देखत लोक सायकलचोर म्हणून धरतात, मालक पोराकडे बघून तक्रार न करता सोडून देतो, आणि गर्दीतून चालताना पोरगं बापाचा हात धरतं. संपलं. त्या हातासाठी सगळा सिनेमा रचलाय. हे रडू कमावलेलं आहे. दोन्हींना एकाच मापानं मोजायचं असेल तर समीक्षा बंद करू आणि थिएटरबाहेर ओले रुमाल मोजू.

माझा सगळ्यात मोठा राग पार्श्वसंगीतावर आहे. मी कधी रडायचं हे मला कुणी सांगू नये.

मुखडा

जोरदार असहमत. उदाहरण निवडताना जरा बघून तरी निवडायचं. ‘बायसिकल थीव्ह्ज’ला अलेस्सांद्रो चिकोन्यीनीचं संगीत आहे आणि ते मुळीच संकोची नाही, तंतुवाद्यांनी ओथंबलेलं आहे. शेवटच्या त्या चालण्यावरसुद्धा ते वाजतं. म्हणजे तुम्हाला कधी रडायचं हे सांगितलं गेलं आणि तुम्ही ऐकलंत. सिनेमा आवडता असला की संगीत कानाला टोचत नाही, नावडता असला की टोचतं, एवढंच झालंय.

तिसरी घंटा

एरवी मी नुसती वाचते, पण “काढून घेतलेलं” हा शब्द वाचून राहवलं नाही.

माझा भाऊ गेला तेव्हा मी रडले नाही. दवाखान्यात नाही, घरी नाही, लोक गळ्यात पडून रडत होते तेव्हाही नाही. मी सगळ्यांना पाणी देत होते. नंतर कित्येक महिने तसेच गेले. मग एका संध्याकाळी टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती. एक बहीण भावाचं कपाट आवरते असा प्रसंग. अभिनय वाईट, संवाद वाईट, बासरी तर इतकी मोठी की शब्द ऐकू येईनात. त्या बाईनं शर्टाची घडी घातली आणि मी जमिनीवर बसून हंबरडा फोडला. शेजारीण धावत आली.

ते रडू माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही. अडकून बसलं होतं, ते सुटलं. तुमचे जागतिक सिनेमे त्या काळात मी दोन-तीन पाहिले होते. चांगले होते. काही झालं नाही.

शेवटची रांग

तिसरी घंटा, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, आणि त्या रडण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण यातून सिद्ध काय झालं? ती मालिका चांगली होती असं तुम्हीही म्हणत नाही. शर्टाची घडी तुमच्या भावाची होती, मालिकेची नव्हे. म्हणजे अश्रूंवरून कलाकृतीची प्रत ठरत नाही हे माझंच म्हणणं झालं.

तिसरी घंटा

मी माझ्या भावाबद्दल लिहिलं आणि तुम्ही त्यातून स्वतःसाठी मुद्दा काढलात. ठीक आहे.

कोरडा ठणठणीत

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत, आणि माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मी सिनेमा बघून रडत नाही. कधीच नाही. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) चौघांनी मिळून पाहिला. पहिल्याच मिनिटात मुलगा स्वतः सांगतो की तो मेला, म्हणजे पुढे काय होणार हे माहीत असतं. तरी ती धाकटी बहीण भुकेनं ग्लानीत गोळ्या समजून काचेच्या गोट्या चघळते तिथे माझ्या छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. रात्री जेवण गेलं नाही. बाकी तिघं भरपूर रडली, रडून मोकळी झाली आणि त्यातल्या एकानं मला विचारलं, “तुला काहीच वाटलं नाही?” आजही तो प्रसंग चारचौघांत किस्सा म्हणून सांगतात. डोळ्यांत पाणी न येणाऱ्यालाही दुःख होतं हे लोकांना कधी कळणार?

मुखडा

हा मुद्दा मान्य. माणसाला कोरडं म्हणणं चूकच. पण त्याचा सूड संगीतावर कशाला?

कात्री

मालिकांच्या संकलनात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आतली गोष्ट सांगतो. दुःखी प्रसंगासाठी तयार ट्रॅकचा साठा असतो आणि तोच ट्रॅक सासूच्या आजारपणालाही लागतो आणि नोकरी गेल्यावरही. घाई एवढी असते की दृश्यासाठी वेगळं काही करवून घ्यायला वेळ नसतो. तिसरी घंटा म्हणतात ती मोठी बासरी अशीच आलेली असणार.

पण संगीत असणं-नसणं हा प्रश्नच नाही. ते कुठे सुरू होतं हा प्रश्न आहे. बाईच्या हातात पत्र आहे. तिचा चेहरा बदलण्याआधी व्हायोलिन सुरू केलं तर प्रेक्षकाला हुकूम मिळतो: वाईट बातमी आहे, तयारीत राहा. तेच मी बारा फ्रेम पुढे सरकवलं, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, की आधी चेहरा बदलतो, मग प्रेक्षकाच्या पोटात कालवतं आणि मग सूर येतो. आता त्याला वाटतं की रडू त्याचं स्वतःचं आहे. ट्रॅक तोच, दृश्य तेच. मी हे सरकवायचो आणि वरून निरोप यायचा की आधीच लावा, लोक टीव्ही बघता बघता भाजी निवडत असतात, त्यांना वर बघायला लावायचं असतं.

शेवटची रांग

म्हणजे हुकूम दिला जातो हे तुम्ही धंद्यातले असून कबूल करताय. मग ‘सैराट’चा (२०१६) शेवट बघा. अजय-अतुलनी त्याचं संगीत लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रावर ध्वनिमुद्रित केलं होतं. एवढा वाद्यमेळ हाताशी असताना शेवटी आवाजच काढून टाकलाय. ते पोर रडतंय हे दिसतं, ऐकू येत नाही. रक्तात भरलेली पावलं उमटवत ते बाहेर जातं. सगळं थिएटर गप्प. एक व्हायोलिन लावलं असतं तर ते मेलोड्रामा झालं असतं.

कात्री

आवाज काढून टाकणं हासुद्धा संकलनाच्या टेबलावर घेतलेला निर्णय असतो. शांतता आपोआप येत नाही, ती लावावी लागते, आणि आधी दोन-अडीच तास वाद्यं दणाणली म्हणून ती अंगावर येते. तुम्हाला तिथेही हुकूम मिळालाच, फक्त तो तुम्हाला पटला.

मुखडा

आणि उलटं उदाहरण ‘पथेर पांचाली’चं (१९५५). हरिहर खूप दिवसांनी घरी येतो. दुर्गा गेली हे त्याला माहीत नाही. आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो आणि शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी सर्वजयाच्या हातात देतो. ती साडी तोंडाशी धरते, कोसळते, तिचं तोंड उघडतं, आणि तिचा आक्रोश आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजतं, वरच्या सप्तकात, राग पटदीप. संगीत रविशंकरांचं. सत्यजित राय यांनी आईचं रडणं पुसून तिथे वाद्य ठेवलं. आता सांगा, हा हुकूम की कमावलेलं रडू?

खर्ज

चर्चा संगीतावर आलीच आहे तर टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धांबद्दल कुणीच का बोलत नाही? सिनेमात निदान गोष्ट खोटी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे खऱ्या पोरांचं दुःख विकतात.

मी गाणं शिकवतो. माझी एक विद्यार्थिनी एका वाहिनीच्या पहिल्या फेरीत निवडली गेली. मारवा राग गायली होती, आणि मारव्यात षड्ज, म्हणजे सा, टाळत टाळत श्रोत्याला ताटकळत ठेवणं या वयात कुणाला जमत नाही, ते तिला जमतं. मग फोन आला. वडील काय करतात? घरात कुणी आजारी आहे का? लहानपणी काही घडलं होतं का? पोरगी म्हणाली, नाही, सगळं बरं आहे. पलीकडून उत्तर आलं, “जरा आठवून बघ.” पुढच्या भागात तिचं गाणं अर्ध्यावर कापलं आणि तिच्यानंतरच्या मुलाची करुण कहाणी पूर्ण दाखवली. परीक्षक रडले. गाण्यावर? गाणं अजून सुरूच झालं नव्हतं!

निरभ्र

खर्ज, तुमच्या शिष्येवर अन्याय झाला असेल, पण दुसरी बाजूही ऐका. माझा भाचा अशाच एका कार्यक्रमात होता. त्याची गोष्ट दाखवली आणि ती शंभर टक्के खरी होती. दुसऱ्याच्या घरी जाऊन पेटीवर रियाज करायचा. त्या भागानंतर त्याला बोलावणी यायला लागली, आज तो गाण्यावर घर चालवतो. घरच्या अडचणी पडद्यावर आल्या की लाज कुणाला वाटते? ज्यांना त्या कधी नव्हत्या त्यांना.

खर्ज

त्या पोराच्या गळ्याबद्दल त्या दिवशी कुणी एक वाक्य तरी बोललं का? एवढंच सांगा.

निरभ्र

बोलले. तुम्ही तो कार्यक्रम न बघताच निकाल लावताय. घरी पेटी असलेल्या मुलांना शिकवणाऱ्यांनी हे प्रश्न विचारू नयेत.

खर्ज

माझ्याकडे कोण शिकतं आणि फी देतं की नाही हे तुम्हाला माहीत नाही. जपून बोला.

कोरडा ठणठणीत

‘द व्हॉइस’ हा पाठमोऱ्या खुर्च्यांचा कार्यक्रम २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला तेव्हा वाटलं होतं की आता तरी फक्त आवाज ऐकतील. परीक्षकांना चेहरा दिसत नाही हे खरं, पण घरी बसलेल्या आपल्याला गायकाची सगळी कर्मकहाणी आधीच दाखवून झालेली असते. पाठ परीक्षकांची, डोळे आपले. पाणी काढायचं कुणाच्या डोळ्यांतून हे त्यांना नीट कळतं.

शेवटची रांग

गाण्याच्या स्पर्धांसाठी कृपया वेगळा धागा काढा. मूळ प्रश्न सिनेमाचा आहे.

खर्ज

वेगळा का? कहाणी दाखवून रडवणं आणि सुरानं रडवणं यातला फरक हाच तर मूळ प्रश्न आहे. जॉन स्लोबोडा या मानसशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये श्रोत्यांना विचारलं होतं की नेमक्या कुठल्या जागेवर तुम्हाला रडू येतं. वारंवार सापडली ती जागा एकच प्रकारची: अपेक्षित स्वरावर थेट न उतरता शेजारच्या खटकणाऱ्या स्वरावर क्षणभर टेकायचं आणि मग उतरायचं. अंगावर काटा येण्याच्या जागा निराळ्या निघाल्या, तिथे स्वरसंगती अनपेक्षित वळण घेते. म्हणजे गायकाचा बाप कोण हे ठाऊक नसताना, शब्द नसताना, नुसत्या स्वरानं पाणी येतं. ही ताकद ज्या कलेत आहे तिला चार मिनिटांच्या दुःखी फितीची कुबडी लावणं हा गाण्याचा अपमान आहे.

अनवट

हे सगळं आपल्याकडे भट्टनायक या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकारानं कधीच सांगून ठेवलंय. साधारणीकरण. रंगमंचावरचा शोक नटाचाही नसतो आणि माझाही नसतो, म्हणून तर करुण रसात आनंद मिळतो. तिसरी घंटा यांचा शोक मात्र खाजगी होता, त्यामुळे तो रस नव्हेच. सरळ लौकिक दुःख.

तिसरी घंटा

अनवट, तुम्ही माझ्या रडण्याला वर्ग लावून दिलात, आभार. पण एक सांगा, ती बाई परकी होती, शर्ट परका होता, मग माझं दुःख त्यात शिरलं कसं? थोडं का होईना, ते सगळ्यांचं झालंच ना? वाईट मालिकेतही शर्टाची घडी कुणीतरी सुचवली, आणि सुचवणाऱ्याला माहीत होतं की माणूस गेल्यावर कपाटाशी काय होतं. तेवढ्या एका गोष्टीपुरता तो लेखक खरा होता. बासरी वाईटच होती, ते मी आधीच म्हटलंय.

निरभ्र

अ‍ॅड विंगरहुट्स या मानसशास्त्रज्ञाच्या गटानं २०१५ मध्ये केलेला प्रयोग कुणाला आठवतोय का? लोकांना रडवणारे सिनेमे दाखवले. रडलेल्यांचं मन सिनेमा संपल्यावर लगेच आणखी खाली गेलं, सुमारे २० मिनिटांत पूर्वपदावर आलं आणि ९० मिनिटांनी सिनेमाआधीपेक्षाही बरं झालं. म्हणजे शेवटची रांग यांना थिएटरबाहेर पडताना जी चीड येते तिचं कारण बहुधा पार्श्वसंगीत नसावं. घरी पोहोचून लिहायला बसले असते तर हा धागा निघाला नसता.

शेवटची रांग

मी घरी पोहोचून, जेवून, दुसऱ्या दिवशी लिहिलाय. चीड शिल्लक आहे. मन हलकं झालं म्हणजे फसवणूक माफ, असं होत नाही.

कपाटाच्या शर्टाचं मात्र पटलं. ती घडी कमावलेली होती, बासरी नव्हती. एवढं लिहून देतो, यापुढे नाही. ‘पथेर पांचाली’चा प्रसंग काल रात्री मुद्दाम आवाज बंद करून पाहिला. तारशहनाई नाही, काही नाही. सर्वजया कोसळली तिथे तितकंच गलबललं. म्हणजे काम चेहऱ्याचं आणि त्या साडीचं आहे.

मुखडा

तुम्ही तो सिनेमा आधी किती वेळा पाहिलाय? आवाज टीव्हीचा बंद केलात, डोक्यातला पटदीप चालूच होता. ज्यानं कधीच पाहिलेला नाही अशा कुणाला तरी आधी मुका दाखवा, मग दुसऱ्या कुणाला तरी आवाजासकट, आणि मग इथे येऊन लिहा.