मदत हवी आहे: चेंजओव्हरमध्ये (मेन लाईन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) न्यूट्रलही (परतीची तार) तोडायचा का?

बडोद्यात दांडिया बाजारात जुनं घर, सिंगल फेज. आईच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसाठी (३५० वॅट) ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आहे, आता २ केव्हीएचा जनरेटर घेतला. वायरमनने सिंगल पोल चेंजओव्हर बसवला: फेज बदलतो, न्यूट्रल मेन, जनरेटर, इन्व्हर्टर सगळ्यांचा एकच, मीटरपाशी जोडलेला. जनरेटरवर हँडल टाकलं की खट्कन ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडते. इन्व्हर्टर बंद ठेवून पाहिला, आरसीसीबी नवी घातली, अर्थिंग तपासलं; तेच. शिवाय खांबावर काम करणाऱ्याला आपल्या वायरीतून झटका बसायला नको, ही धास्ती वेगळीच. भिंती फोडता येणार नाहीत.

मध्ये ऑफ असलेला डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा) चेंजओव्हर लावला, तर इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रलही वेगळा ओढावा लागेल का?